हप्त्यावर कॅमेरा घ्यावा की मोबाईलवरच भागेल?

लग्नसराई जवळ आली की चाळीसगावातली ओळखीची पोरं मला हमखास विचारतात, "भाऊ, हप्त्यावर कॅमेरा घेऊ की चांगला मोबाईल?" प्रश्न लाखभर रुपयांचा आहे. म्हणून नीट समजून घेऊ.

एकेकाळी कॅमेरा हीच मोठी अडचण होती. आपल्या शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे त्यांच्या 'सुपरमॅन'च्या शूटिंगवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला. त्यात क्रेनच्या जागी बैलगाडी दिसते. पण कॅमेऱ्याला जुगाड नव्हता. तो पाण्यात पडला आणि शूटिंग ठप्प! आज तसं युनिट जमलं तर प्रत्येकाच्या खिशात एक कॅमेरा असेल.

मोबाईल जिंकला कशामुळे?

लेन्समुळे कमी, चिपमुळे जास्त. हात हलला तर फोन फ्रेम स्थिर करतो, उजेड-सावलीचा मेळ घालतो. शिवाय शूट, एडिट आणि अपलोड एकाच यंत्रावर होतं. हॅंडीकॅमची तासाभराची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला तासच लागायचा. सिस्को कंपनीने २००९ मध्ये 'फ्लिप' या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्याची कंपनी सुमारे ५९ कोटी डॉलरला घेतली आणि २०११ मध्ये तो धंदाच बंद केला.

२०२५ चा '२८ इयर्स लेटर' हा सिनेमा तर बराचसा आयफोनवर शूट झालाय. पण त्या फोनला महागड्या लेन्स जोडल्या होत्या, हेही लक्षात ठेवा.

मग अडतं कुठे?

पहिलं, ऊन. खान्देशातल्या मे महिन्यात मांडवाबाहेर वरात शूट करून बघा. फोनला पंखा नसतो. तापला की स्क्रीन मंद होते, कधी रेकॉर्डिंगच बंद पडतं. दुसरं, झूम. फोनच्या लेन्सची हद्द संपली की पुढचा झूम म्हणजे चित्र कापून मोठं करणं. पाटणादेवीच्या जंगलातला लांबचा पक्षी त्यात धूसरच येणार. तिसरं, आवाज. डीजेच्या दणदणाटात फोनचा माईक हात टेकतो.

उजेडाचं तर विचारूच नका. आपल्याच गावच्या केकी मूस यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांच्यावर उजेड पाडून अख्खी दृश्यं उभी केली. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव आजही घेतात. उजेड समजला नाही तर महागडा कॅमेराही काही करू शकत नाही.

माझं मत

रील, यूट्यूब, साखरपुडा यांसाठी मोबाईल पुरे. पहिले पैसे वायरलेस माईक, ट्रायपॉड, एलईडी लाईट आणि हार्ड डिस्कवर घाला. पूर्ण लग्नाची ऑर्डर आली तर कॅमेरा भाड्याने आणा. भाडं हप्त्याच्या बरोबरीला येऊ लागलं की मगच स्वतःचा घ्या.

आता मांडवात पाहुण्यांकडेही फोन असतात. तरी लोक तुम्हाला पैसे देतात, कारण अंतरपाट दूर होण्याचा क्षण हुकला तर पाहुण्याला कोणी जाब विचारत नाही, तुम्हाला विचारतात. म्हणून शूटिंगच्या वेळी फोन फ्लाईट मोडवर टाका, पॉवरबँक जवळ ठेवा आणि त्याच रात्री फुटेजच्या दोन कॉप्या करा.