जुनं चाक भंगारात घालू नका!

मंडळी, आमचं मालेगाव यंत्रमागांचं गाव. इथे माग जुना झाला म्हणून कुणी फेकत नाही. भाग बदलतात आणि पुढे चालवतात. मग सायकलच्या चाकानेच काय घोडं मारलंय?

रिम शाबूत, हब शाबूत, तर बदलायचे फक्त आरे आणि निपल. खर्च तेवढाच. अनेक चाकांना ३६ आरे असतात आणि प्रत्येक आरा सहसा वाटेत तिघांना ओलांडतो. स्टँडही विकत घ्यायला नको. सायकल उलटी करा, झालं स्टँड! रिम ज्या बाजूला झुकलीय, त्याच्या विरुद्ध बाजूचे आरे चावीने पाव फेरा कसा. घाईत अख्खा फेरा दिलात की पलीकडे नवा आऊट. कोड लिहिणाऱ्यांना वेगळं सांगायला नको :-)

३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. घरोघरच्या जुन्या अ‍ॅटलस आता आपणच जगवायच्या.

एक चाक स्वतः जुळवून बघाच. मग आऊट काढून देणाऱ्या मिस्त्रीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करायला जीभ रेटणार नाही.