पोहणे सुटल्यानंतर काय?

आपला मुलगा किंवा मुलगी भल्या पहाटे उठून जलतरण तलावावर जाते, स्पर्धेत पदके आणते, याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. पण बहुतेकांचे स्पर्धेतले पोहणे कॉलेज संपेपर्यंत थांबते. त्यानंतर शरीराचे आणि मनाचे काय होते, याची चर्चा घरात क्वचितच होते. माझे मत असे की, पोहणे थांबवण्याची तयारी हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग असायला हवा.

अमेरिकेच्या मिसी फ्रँकलिनचे उदाहरण पाहा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी तिने चार सुवर्णपदके जिंकली. जाहिरातींचे पैसे नाकारून तिने बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघातून पोहणे पसंत केले. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक प्रकारात तिला अंतिम फेरीही गाठता आली नाही. २०१७ मध्ये दोन्ही खांद्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी वेदना राहिल्या. डिसेंबर २०१८ मध्ये, अवघ्या २३ व्या वर्षी ती निवृत्त झाली. नैराश्याचा त्रास झाल्याचेही तिने उघडपणे सांगितले आहे.

खांदाच का दुखतो? खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असते. तो जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः भोवतालचे लहान स्नायू आणि त्यांचे कंडरे करतात. रोजच्या सरावात हात हजारो वेळा डोक्यावरून फिरतो. स्नायू थकले की सांधा नीट सावरला जात नाही, कंडरे घासतात आणि सुजतात. अशा वेळी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला पुन्हा पाण्यात उतरवणे मला चुकीचे वाटते. गोळीने दुखणे झाकले जाते, झीज थांबत नाही.

पोहणे अचानक बंद केले की तीन गोष्टी होतात.

पहिली, सरावाच्या काळात लागलेली भूक आणि खाण्याची सवय लगेच जात नाही. खर्च कमी, आवक तेवढीच, म्हणून वजन वाढते. दुसरी, काही आठवड्यांतच दम कमी होऊ लागतो. जिना चढताना धाप लागली की हा माजी खेळाडू घाबरतो. बहुतेक वेळा हा सराव सुटल्याचा परिणाम असतो. पण छातीत दुखणे, चक्कर किंवा धडधड असेल तर तपासणी करून घ्यावी. तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मन. ज्याची ओळखच 'स्विमर' अशी होती, त्याला आपण आता कोण, हा प्रश्न पडतो. झोप बिघडणे, चिडचिड, कशातच रस नसणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर त्याला आळस म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्याचे तो बोलला, तर एक दिवसही थांबू नका.

मग करायचे काय? शक्य असेल तर सराव टप्प्याटप्प्याने कमी करा. ताटातले पोळी-भाताचे प्रमाण त्यानुसार घटवा. डाळ, उसळ, दूध, अंडी चालू ठेवा. पाण्यात शरीराचा भार हाडांवर पडत नाही, म्हणून पोहण्याने हाडांना पुरेसा व्यायाम मिळत नाही. भरभर चालणे, दोरीच्या उड्या आणि वजन उचलण्याचे व्यायाम यांची जोड हवी. खांदा दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्या.

पालकांना एक विनंती. पोहत असतानाच मुलाला दुसरा एखादा छंद, तलावाबाहेरचे मित्र आणि अभ्यासाला वेळ मिळू द्या. आणि तो थांबला, तर "एवढी वर्षे फुकट गेली" असे म्हणू नका. पोहण्याने त्याला शिस्त दिली, दम दिला. ते फुकट जात नाही. मात्र पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्याला याच खांद्याने आणि याच मनाने काढायची आहेत. एका पदकासाठी ती पणाला लावू नका.