कानातला खडा

‘कानाला खडा लावणे’ हा वाक्प्रचार मी गेली कित्येक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पण ज्याच्या कानात जन्मापासून खडाच असतो असा प्राणी दर रविवारी आपल्या ताटात येतो, हे काही मला ठाऊक नव्हते. झाले असे, की ढोम्याचे कालवण जेवताना दाताखाली कडकन खडा आला. मी सौ.कडे पाहिले मात्र, ‘तांदूळ मी स्वतः निवडलेत,’ असे तिने आधीच सांगून टाकले. आमच्या भाच्याने, तो भूगर्भशास्त्र शिकतो, खडा उचलून नळाखाली धुतला आणि म्हणाला, ‘मामा, हा तांदळातला नव्हे. माशाच्या कानातला आहे.’

सांडगे मिरचीची चव गेली ती गेलीच. पण पुढचा तासभर मी विद्यार्थी झालो.

हाडे असलेल्या माशांच्या डोक्यात या खड्यांच्या तीन जोड्या असतात. द्रव्य शिंपल्यातलेच, चुन्याचे. एस.टी.ने एकदम ब्रेक दाबला की उभा उतारू जसा मागेपुढे हेलकावतो, तसा आवाजाने मासा हलला की हा जड खडा मागे राहतो, त्याखालचे बारीक केस वाकतात, आणि माशाला ऐकू येते. तोलही त्यावरच सांभाळला जातो. झाडाच्या खोडासारखी वर्तुळे त्यावर चढत जातात. १८९९ साली रायबिश यांनी ती मोजून माशाचे वय काढले आणि १९७१ साली पॅनेला यांनी दाखवून दिले की रोजचेही एकेक वर्तुळ पडते. म्हणजे रोजनिशीच! आमच्यासारखी पाच जानेवारीला बंद पडणारी नव्हे.

मासा मेला की त्याची नाजूक हाडे विरून जातात. खडा मात्र गाळात राहतो. जातीगणिक घडण वेगळी, त्यामुळे नुसत्या खड्यावरून मासा ओळखता येतो. जर्मनीत कोकेन यांनी १८८४ साली अशा अश्मीभूत खड्यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. खोल समुद्रातल्या कंदीलमाशांची वंशावळ तर बव्हंशी या खड्यांवरच उभी आहे.

कंदीलमासा म्हणजे वीतभरही नसलेला जीव. पोटावर दिव्यांच्या ओळी. दिवसा शेकडो मीटर खाली अंधारात राहायचे आणि रात्री वर चरायला यायचे. दुसऱ्या महायुद्धात ध्वनियंत्रांना समुद्राचा जो खोटाच तळ लागे, तो अशाच जीवांच्या थव्यांचा. आपल्या अरबी समुद्राच्या उत्तरेस, ओमानच्या बाजूला, त्यांची एक जात अपार आहे.

श्वार्त्सहान्स आणि कार्नेव्हाले या दोघांनी २०२१ साली या माशांचे जुने खडे जुळवून कथा मांडली. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी हे मासे चिमुकले होते आणि किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावर व उतारावर वावरत. सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्र थंड झाला, अन्नद्रव्ये नव्याने वर येऊ लागली, सूक्ष्म शेवाळे माजली. तेव्हाच खडे एकदम मोठे होतात आणि खोल गाळात दिसू लागतात. मग काळ पुन्हा उबदार झाला. जातींत वैविध्य वाढले, पण खडे लहान झाले. पुढे पुन्हा शेवाळांचा सुकाळ आला, तसे मासेही वाढले, आणि त्याच सुमारास देवमासेही अजस्र होऊ लागले.

‘ऊब वाढली की खडे लहान?’ मी विचारले.

‘त्या वेळी तसे झाले खरे,’ भाचा म्हणाला. ‘आणि मामा, आता समुद्र पुन्हा तापतो आहे. शिवाय या माशांचे खाद्यपीठ करावे म्हणून जाळी खोल सोडायची बोलणी चालू आहेत.’

आमच्या गॅलरीत तेव्हा धाकटा गेल्या वर्षीचा आकाशकंदील झटकत होता. सौ.ने तो खडा ओट्यावरून उचलला आणि फेकण्याऐवजी हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला. दुसऱ्या रविवारी कोळणीला तिने बजावले, डोकी टाकू नकोस. कोळीण म्हणाली, ‘ताई, डोक्याचे पैसे नाय लागत, पण खाल काय त्यात?’