लाखेची चकाकी

जपानात ३ मार्चला मुलींच्या सणानिमित्त घरोघरी बाहुल्या मांडतात. त्यांच्यापुढे ठेवलेल्या इवल्या पेट्या-तबकांवर काळी चकाकी आणि सोनेरी नक्षी असते. ही चकाकी एका झाडाच्या चिकाची. त्याचा एकेक थर दमट हवेत सावकाश कठीण होतो. म्हणून एका वस्तूला महिनेही लागतात.

आपल्याकडील चकाकीची रीत निराळी आहे. आपली लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या बारीक किड्यांची देणगी. लाकडाचा तुकडा गरगर फिरत असता त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला झळाळी देतात. जे तिकडे महिन्यांत होते, ते इकडे काही क्षणांत. मात्र त्या क्षणांसाठी हात वर्षानुवर्षे तयार व्हावा लागतो.

बेळगावहून आंबोली घाट उतरला, की सावंतवाडीच्या चितारआळीत ही कला भेटते. गंजिफा, पाट, भातुकली, लाकडी फळे यांनी ते गाव नावारूपास आले. १९७० च्या दशकात गंजिफा लोपू लागली असता शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती जगवली. राणीसाहेबांनी स्वतः कुंचला हाती घेतला. इकडे कर्नाटकात चन्नपट्टणला लाखेची खेळणी होतात, तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गोकाक रंगीत लाकडी फळांसाठी प्रसिद्ध आहे. आम्हां सीमाभागातील माणसांना हे विशेष वाटते: भाषा दोन, परंतु कारागिरी नातेवाईकच.

आता प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. डब्यातला तयार रंग फासलेले खेळणेही लांबून तसेच चकाकते व स्वस्त पडते. दोन्हींतला भेद कोणी विचारीतच नाही. कारागिराने मग लाख का वापरावी? यासाठी आमची वाचकांना एवढीच विनंती, की मुलीच्या रुखवतासाठी वा नातवंडांच्या भातुकलीसाठी खरेदी करताना ‘हे लाखेचे की नुसत्या रंगाचे?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. लाखेचे असल्यास गरम पाण्यापासून जपावे, कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. विचारणारे गिऱ्हाईक आहे, एवढे कळले तरी पुष्कळ हात कामाला लागतील.