क्लासची फी भरण्याआधी

गळीत हंगाम आटोपला आणि उसाच्या बिलाची रक्कम बँकेत जमा झाली, की आपल्या भागात दुसराच एक हंगाम सुरू होतो. तो म्हणजे पोरांना क्लास लावण्याचा. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, दूध डेअरीच्या दारात, फार कशाला, गट ऑफिसच्या खांबावरसुद्धा कागद चिकटतात. वेब डिझाईन शिका, ॲनिमेशन शिका, सहा महिन्यांत नोकरी! सभासद बंधू आम्हाला विचारतात, काय करावं, पोराला घालावं का? आमच्याकडे पुस्तकी उत्तर नाही. आमच्या खिशातून गेलेल्या पैशाचा अनुभव तेवढा आहे, तो मांडतो.

आमची धाकटी बहीण रायगड जिल्ह्यात रोह्याला दिली आहे. तिकडे भातशेती, ऊस नाही आणि उसाचे बिलही नाही. पावसाळी भाताच्या पिकावर आणि मेहुण्यांच्या धाटावच्या कारखान्यातल्या नोकरीवर घर चालते. तिच्या थोरल्या मुलाने 2018 साली बारावी झाल्यावर पेणच्या एका क्लासला नाव घातले. फीचा आकडा ऐकून मेहुणे गप्प बसले, तेव्हा मामा या नात्याने आम्ही ती खोडव्याच्या बिलातून भरली. एकरकमी भरली, ही पहिली चूक.

भाचा रोह्याहून सकाळच्या गाडीने नागोठणे, कासू करीत पेणला जाई. सुरुवातीचे महिने वेब डिझाईनचे होते. संगणकावर कोऱ्या पानावर साध्या अक्षरांत खुणा लिहायच्या, हा मथळा, हा परिच्छेद, इथे चित्र. त्या लिपीला एचटीएमएल म्हणतात. रंग आणि मांडणी सांगायला सीएसएस नावाची दुसरी जोडीला. दिवाळीत आमच्याकडे आला तेव्हा त्याने एक पान करून दाखवले. वर आपल्या कारखान्याचे नाव, खाली ठळक अक्षरांत उसाचा दर, तोही मनाला येईल तो! आम्ही म्हटलं, बाबा रे, हे चेअरमनसाहेबांना दाखवू नको.

पुढे ॲनिमेशन. एका सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून गेली की चित्र हलल्यासारखे वाटते, हे सिनेमाचेच गणित. काटकसर करून एकेक चित्र दोनदा वापरले तरी अर्ध्या मिनिटाला तीनशे साठ चित्रे लागतात. क्लासमध्ये हे काम फ्लॅश नावाच्या प्रोग्रॅमवर शिकवीत. पहिलं आणि शेवटचं चित्र आपण काढायचं, मधली चित्रं संगणक भरून देतो. पोरगं खुशीत होतं. चेंडू उडतोय, दिवा लुकलुकतोय, असं पुष्कळ काम त्याने जमवलं आणि नोकरी मागताना दाखवायला म्हणून जपून ठेवलं.

31 डिसेंबर 2020 रोजी अडोबी कंपनीने फ्लॅश प्लेअर बंद केला. 12 जानेवारी 2021 पासून तर त्यावरचे काम त्यात उघडेनासेच झाले. भाचा आपली चित्रे लावायला गेला की समोर रिकामी चौकट. हे काही अचानक झाले नव्हते. कंपनीने 25 जुलै 2017 रोजीच तसे जाहीर केले होते. म्हणजे आम्ही फी भरली त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी! क्लासवाल्यांनी मुलांना ही गोष्ट सांगितली नाही. त्यांना माहीत नव्हती, की माहीत असून जुनाच धडा चालू ठेवला, ते त्यांचे त्यांना ठाऊक. आमच्या मते दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट.

पण याच क्लासात केलेली ती एचटीएमएलची पाने, अगदी ते उसाच्या दराचे पानसुद्धा, आजही जशीच्या तशी उघडते. असे का व्हावे? भाच्याने आम्हाला समजावून सांगितले तेव्हा आम्हाला सहकाराचाच धडा आठवला. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि 30 एप्रिल 1993 रोजी त्या संस्थेने ती कोणालाही फुकट वापरायला मोकळी केली. त्या जमिनीच्या सातबारावर कोणा एकाचे नाव नाही. फ्लॅशच्या सातबारावर एका कंपनीचे नाव होते. मालकाने कुंपण घातलं, कुळं बाहेर पडली.

याच्या उलट एक उदाहरण सभासदांनी मुद्दाम ऐकावे. ब्लेंडर नावाचा ॲनिमेशनचा प्रोग्रॅम नेदरलँड्समधल्या एका कंपनीचा होता. कंपनी डबघाईला आली. तेव्हा तो तयार करणारे टॉन रोझेन्डाल यांनी 2002 साली वापरणाऱ्यांनाच हाक दिली, की वर्गणी काढा आणि हा प्रोग्रॅम सोडवून घ्या. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो सर्वांना खुला झाला. शेअर भांडवल म्हणजे दुसरे काय असते? लॅटव्हियासारख्या छोट्या देशातला ‘फ्लो’ हा मांजराचा चित्रपट ब्लेंडरवरच तयार झाला आणि 2025 साली त्याने ऑस्कर घेतले. हा प्रोग्रॅम घ्यायला एक रुपया पडत नाही. मग क्लासवाले फी कशाची घेतात? शिकवण्याची घेत असतील तर जरूर द्यावी. प्रोग्रॅमची घेत असतील तर विचारावे.

त्या 2021 च्या साली घरात बसून भाचा अगदी खचला होता. शेवटी पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात हंगामापुरता लागला. पेण, हमरापूर, जोहे ही मूर्तींची गावे, हे सर्वांना ठाऊक आहेच. आधी घासकाम, मग अंगाचा रंग, आणि डोळ्यांची आखणी नुसती बघायची. आखणी करणारा कारागीर ओठ मिटून एका दमात रेघ ओढतो. ती चुकली तर मूर्तीची नजर फिरते. घरी आल्यावर तसलीच रेघ हा कागदावर शंभर शंभर वेळा ओढू लागला. आमची बहीण म्हणते, फी दिली क्लासला, अन् शिकवलं कारखान्याने.

पुढल्या दिवाळीला त्याने ब्लेंडरवर केलेली उसाची बैलगाडी आम्हाला दाखवली. रंग झकास, शिंगांना गोंडे. पण चाकं फिरली अन् मग बैल चालू लागले! आम्ही म्हटलं, "अरे, गाडी बैलाच्या मागून येते. भरलेली गाडी उचलताना बैल आधी मान खाली घालतो, जू खांद्यावर चेपतं, मागचे पाय रोवतो, आणि मग कुठे चाक हलतं." तो म्हणाला, "मामा, तुम्ही हे कुठं शिकलात?" डिस्नेच्या दोन जुन्या चित्रकारांनी 1981 साली ॲनिमेशनचे बारा नियम पुस्तकात मांडले, त्यांतला हा एक, हालचालीआधीची तयारी दाखवण्याचा. क्लासात तो फळ्यावर लिहून दिला होता म्हणे. बैल मात्र कोणी दाखवला नव्हता.

पेणच्याच एका माणसाचे नाव इथे घेतले पाहिजे. विष्णुपंत दामले 1892 साली पेणला जन्मले, कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडदे रंगवायला शिकले, तिथून कॅमेरा, मग बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रण, आणि 1936 साली फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’. मूकपट गेला, बोलपट आला, यंत्रे पार बदलली. हात तयार होता म्हणून दामले अडले नाहीत. आमच्या भाच्याचेही तेच झाले. फ्लॅशबरोबर त्या प्रोग्रॅमची कळ-किल्ली वाया गेली, चेंडूचा वेग आणि रेघेची शिस्त शिल्लक राहिली.

तेव्हा पोराला घालावे का, तर घालावे. पण आधी क्लासात जाऊन तासभर बसावे. भिंतीवरची सर्टिफिकिटे बघू नयेत, गेल्या वर्षीच्या मुलांनी स्वतः केलेले काम मागावे. कागद-पेन्सिल दिसली नाही तर माघारी यावे. जे शिकवता ते कोणाच्या मालकीचे आणि उद्या त्याने बंद केले तर मुलाने काय करायचे, हेही विचारावे. आणि फी हप्त्याने द्यावी. कारखाना आपल्याला हप्त्याने देतो, तर आपण क्लासला एकरकमी का द्यायची?

संचालक मंडळालाही एक सूचना आहे, ती वार्षिक सभेसाठी लेखी दिली आहे. वारणा परिसरात 1998 सालापासून सुमारे सत्तर गावांसाठी संगणकाची योजना आली आणि सभासदाला उसाचे वजन गावातच समजू लागले; पुढे काही गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशावर आले. आपणही सभासदांच्या मुलांकडून एक काम करून घ्यावे. हुमणीवर पाच मिनिटांचे ॲनिमेशन. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडून कडुनिंब-बाभळीवर बसतात, ते तेव्हाच वेचा, असे शेती अधिकारी दर वर्षी कानीकपाळी ओरडतात, अन् आपण ऊस वाळून उपटून येईपर्यंत हलत नाही. कारण अंडी आणि अळी मातीखाली; डोळ्यांना दिसत नाही त्याची भीती वाटत नाही. मातीखालचे दाखवायला कॅमेरा चालत नाही, चित्रच लागते.

नमुन्याची दोन मिनिटे भाचा करून देणार आहे, मोबदला न घेता. अळी मुळाशी कशी वळून पडलेली असते ते बघून काढायला तो श्रावणात आमच्याकडे येतो आहे. रान आमचेच आहे, आणि दुर्दैवाने हुमणीही भरपूर आहे.