माझ्या घराला पत्ता हवा!

२०१७ साली अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द झाले तेव्हा आपण सगळे तावातावाने बोललो. पण आपल्याच दिवाणखान्यात लुकलुकणाऱ्या फायबरच्या खोक्याकडे कोणी बघत नाही. आज त्याबद्दल थोडे कडक लिहिते आहे.

साताऱ्याच्या माझ्या मावशीने गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर ध्वनिमुद्रित केल्या. मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे. ते सगळे न्यू जर्सीतल्या माझ्या घरी एका छोट्या संगणकावर ठेवावे आणि मावशीने तिकडे बसून ऐकावे, एवढीच इच्छा. जोडणी १ गिगाबिटची, तरी जमेना.

कारण कंपनीने मला सार्वजनिक आयपी पत्ता दिलाच नव्हता. अनेक ग्राहकांत मिळून एक पत्ता, म्हणजे कॅरियर-ग्रेड नॅट. आयपीव्ही६ होते, पण त्याचाही पत्ता अधूनमधून बदलतो, आणि कंपनीच्या खोक्यातली फायरवॉल बाहेरून येणारे काहीही आत सोडत नाही. मी म्हटले, "खोके ब्रिज मोडमध्ये टाका. ते फक्त सिग्नल पुढे देईल, बाकी माझा राउटर बघेल." उत्तर आले, ती सोय नाही. स्टॅटिक आयपी? "बिझनेस प्लॅन घ्या." अहो, मला मावशीच्या ओव्यांचा धंदा करायचा नाहीये!

तोडगे आहेत, मला माहीत आहे. भाड्याचा सर्व्हर घेऊन मी बोगदा काढलाही. पण स्वतःच्या घरात शिरायला परक्याच्या वाड्यातून भुयार काढायचे आणि त्याचे भाडे दरमहा भरायचे, याला सोय म्हणायचे का?

कंपन्यांचा पहिला युक्तिवाद टंचाईचा. आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४३० कोटी. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, उत्तर अमेरिकेतला २०१५ मध्ये. हे खरेच आहे. आयपीव्ही४ चा पत्ता फुकट द्या असे मी म्हणत नाही. पण आयपीव्ही६ चे पत्ते १२८ बिटांचे आहेत आणि त्याचे मानक १९९८ पासून आहे. तिथे प्रत्येक घराला कायमचा पट्टा दिला तरी काही कमी पडत नाही. तरीही तो बदलता ठेवणे ही टंचाई नव्हे, धोरण आहे.

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. सामान्य माणसाला राउटर सांभाळता येत नाही म्हणे. २०१६ च्या मिराई हल्ल्यात घरोघरचे कॅमेरे सापडले, हे कबूल. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली. हल्ला झाला तो राउटर दुरून सांभाळण्यासाठी उघड्या ठेवलेल्या पोर्टवरून! म्हणजे कंपनीचे खोके आपोआप सुरक्षित असते असे नाही. शिवाय कायमच्या पत्त्याने माग काढणे सोपे होते, हेही खरे. म्हणूनच मी सक्ती मागत नाही, निवड मागते.

ही मागणी जगावेगळी नाही. १९६८ च्या कार्टरफोन निकालाने अमेरिकेत टेलिफोनच्या तारेला आपले यंत्र जोडण्याची वाट मोकळी झाली. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून राउटर निवडण्याचा हक्क कायद्यानेच आहे. मग इथल्या फायबरला निराळा न्याय का?

मागण्या तीन. एक, मागेल त्याला खराखुरा ब्रिज मोड. दोन, घरगुती ग्राहकालाही कायमचा आयपीव्ही६ पट्टा. तीन, जोडणी विकतानाच पत्ता स्वतंत्र आहे की सामायिक, हे स्पष्ट सांगणे.

आणि आता आपल्याबद्दल. आपल्यातले कितीतरी जण हीच यंत्रे आणि हीच सॉफ्टवेअर बनवतात. ऑफिसात आपण पत्ते वाटतो आणि घरी निमूटपणे बिनपत्त्याचे राहतो. फक्त घेणारा तो ग्राहक. देऊही शकणारा तो नागरिक. मावशीने घरोघर जाऊन जे गोळा केले, ते देण्यासाठी माझ्या घराला दार हवे, नुसती खिडकी नव्हे.

या आठवड्यात आपापल्या कंपनीला फोन करून एवढेच विचारा: ब्रिज मोड आहे का? नसेल तर का नाही? उत्तर लेखी मागा.

कळावे, लोभ असावा.