दात मोजणारा डॉक्टर कोणाला हवा?

दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशांचा हंगाम आला की एक चित्र दरवर्षी दिसते. ‘नीट-एमडीएस’च्या गुणवत्ता यादीतील वरचे विद्यार्थी दंतव्यंगोपचार, दंतसंवर्धन, मुखशल्यचिकित्सा या शाखांकडे धाव घेतात आणि नऊ शाखांपैकी ‘पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री’, अर्थात सार्वजनिक दंतआरोग्य, ही शाखा पसंतीक्रमाच्या तळाशी राहते. कारण उघड आहे. बीडीएसची पाच वर्षे, त्यावर एमडीएसची तीन, आणि एवढे शिकून दवाखान्याची पाटी लावली तरी या शाखेच्या पदवीचे मोल दारात येणाऱ्या रुग्णाला कळत नाही. वेडेवाकडे दात सरळ करणे किंवा नवे दात बसविणे हे तिचे खास कामच नव्हे. ती दात मोजायला शिकविते. तेही एकाचे नव्हेत, तर शाळेचे, गावाचे, तालुक्याचे. असे मोजणाऱ्याला पैसे कोण देणार, हा विद्यार्थ्याच्या पालकांचा प्रश्न असतो आणि तो चुकीचा नाही.

मोजण्याने काय साधते, याचे उत्तर मात्र नगर तालुक्यातील हिवरे बाजारने केव्हाच देऊन ठेवले आहे. पर्जन्यछायेतील या सुमारे बाराशे वस्तीच्या गावाने १९९० च्या दशकात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि शेतीसाठी बोअरबंदी स्वीकारली, हे सर्वश्रुत आहे. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. परंतु बंधारे तर इतरही अनेक गावांनी बांधले. हिवरे बाजार वेगळे ठरले ते पाण्याच्या ताळेबंदामुळे. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती, हे दरवर्षी मोजायचे, आकडे ग्रामसभेपुढे मांडायचे आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे, हा त्या गावाचा शिरस्ता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात, हेच गाव घरोघर तपासणी करून रुग्ण लवकर वेगळे काढल्यामुळे पुन्हा चर्चेत आले. विषय बदलला, पद्धत तीच राहिली.

सार्वजनिक दंतआरोग्याचे शास्त्र नेमके याच पद्धतीवर उभे आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत क्लाइन आणि पामर या संशोधकांनी किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि भरलेले दात यांची बेरीज करण्याची रीत घालून दिली. ‘डीएमएफ’ निर्देशांक म्हणून ती आजही जगभर वापरली जाते. बारा वर्षांच्या मुलांची सरासरी काढण्याचा प्रघात आहे, कारण त्या वयापर्यंत अक्कलदाढा वगळता बहुतेक कायमचे दात आलेले असतात आणि मुले शाळेत एकत्र सापडतात. एका मुलाची कीड हा दंतवैद्याचा विषय. एखाद्या शाळेची सरासरी शेजारच्या शाळेच्या दुप्पट का, हा या शाखेचा.

पाणी आणि दात यांचा संबंध तर याहून जवळचा आहे. कोलोरॅडोतील फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याला १९०१ मध्ये तेथील लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. ते पाण्यातील फ्लोराइडमुळे पडतात हे समजायला तीस वर्षे लागली. पुढे ट्रेंडली डीन यांनी गावोगावची मोजणी करून अल्प प्रमाणातील फ्लोराइड कीड रोखते हे दाखविले आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते घातले गेले. महाराष्ट्रात गोष्ट उलटी आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांतील काही गावांपुढे फ्लोराइड काढायचे कसे, हा प्रश्न आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालवून घ्यावे असे आहे. कठीण खडकात बोअर जितकी खोल जाते, तितका हा धोका अनेक ठिकाणी वाढतो. म्हणजे बोअरबंदीचा ठराव हा भूजलाचा तसा काही भागांत दातांच्या आणि हाडांच्या आरोग्याचाही ठराव ठरू शकतो. हे दंतवैद्याने ग्रामसभेत सांगायला हवे. पण दंतवैद्य ग्रामसभेत जातो कुठे?

त्याहून मोठे संकट तंबाखूचे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात असे आढळले. धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण चुना-तंबाखूच्या पुडीला आणि मशेरीला कोण अडविणार? ग्रामीण भागात अनेक स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावतात आणि तिला व्यसन न मानता दंतमंजन मानतात. ही समजूत दवाखान्यातल्या खुर्चीवर दूर होत नाही. रुग्ण तेथे पोचतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

यावर उपाय नाही असे नव्हे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १३ पंचायतींमध्ये १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उजेडात तोंड तपासले, संशयितांना पुढे पाठविले. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी आढळले. यंत्र म्हणाल तर विजेरी.

नगर जिल्ह्याला, आता अहिल्यानगरला, असे काम अपरिचित नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पाने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या बनविले आणि त्याची दखल जगाने घेतली. शिवाय लोणी, संगमनेर आणि खुद्द नगर शहरात दंत महाविद्यालये आहेत. बीडीएसच्या आंतरवासितेत तीन महिने सामाजिक दंतवैद्यक व ग्रामीण सेवेसाठी राखलेले असतात. मनुष्यबळाची वाण नाही. वाण आहे ती सातत्याची. आजचे ‘दंत तपासणी शिबिर’ म्हणजे सकाळी बस, दुपारी टूथपेस्टचे वाटप, संध्याकाळी छायाचित्र. पुढच्या वर्षी दुसरे गाव. त्याच गावात पाच वर्षे जाऊन तेच आकडे पुन्हा घेतले तरच त्याला सार्वजनिक आरोग्य म्हणता येईल.

करिअरचे म्हणाल तर आज या शाखेचा सर्वांत सरळ मार्ग अध्यापनाचा आहे. अभ्यासक्रमात विषय अनिवार्य असल्याने प्रत्येक दंत महाविद्यालयाला विभाग ठेवावाच लागतो. दुसरा मार्ग सार्वजनिक आरोग्याच्या व्यापक क्षेत्रात उतरण्याचा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत किंवा तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात ‘एमपीएच’ करून तंबाखू नियंत्रण, संशोधन, आरोग्य अभियानाचे व्यवस्थापन अशी कामे मिळू शकतात. ब्रिटन व अमेरिकेत ही मान्यताप्राप्त विशेषज्ञता आहे. अनेक मराठी घरांतील बीडीएस मुले-मुली एमपीएचसाठी अमेरिका गाठतात; मात्र त्या पदवीने तेथे रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही, हे कर्ज काढण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

आणि सरकार? कार्यक्रमांची कमतरता नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये याच राज्यात पालघरला सुरू झाला आणि त्याच्या तपासणीत दंतकीडही आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ चा. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तीस वर्षांवरील व्यक्तींची मुखकर्करोगासाठी तपासणी अपेक्षित आहे. राज्याच्या ‘स्वच्छ मुख अभियाना’ला २०२३ मध्ये सचिन तेंडुलकरचा चेहरा मिळाला. पण शाळेत आढळलेली कीड, आशा कार्यकर्तीने अर्जात नोंदविलेली मशेरी आणि उपकेंद्रात दिसलेला पांढरा चट्टा या तीन नोंदी एकत्र वाचून तालुक्याचा ताळेबंद मांडणारा माणूस कोण? क्षयरोगासाठी जिल्ह्याला स्वतंत्र अधिकारी असतो, कुष्ठरोगासाठी सहायक संचालक असतो. मौखिक आरोग्यासाठी त्या तोलाचे पद रूढ झालेले नाही.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. अभ्यासक्रम कसा असावा हे असा आयोग ठरवू शकतो, पण जिल्ह्यात पद निर्माण करणे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हाती आहे. जिल्ह्यामागे एक पद धरले तरी महाराष्ट्रात ती ३६ होतात.